बुडालेल्या नायकाचे दात

चि. मेहुणेबुवांस,

तुझ्या दाजीचे भरघोस आशीर्वाद (आशीर्वादांना ना मेण लागत ना प्लास्टर, म्हणून हात सैल सोडला आहे). इकडे सर्व क्षेमकुशल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुझी ताई बरी आहे. माझी कंबर जिथे असायला हवी तिथेच, पण नाराजीने आहे. सासूबाईंबद्दल पुढे सविस्तर लिहितो, त्यासाठी जागा राखून ठेवली आहे. तुझी तब्येत कशी आहे? वीजघराच्या त्या अखंड घरघरीत तुला झोप लागते का? तिकडे फोन लागत नाही असं तू म्हणतोस, आणि लागला तरी तू उचलत नाहीस असं तुझी ताई म्हणते. दोघा भावंडांत पडलं की मार मधल्याला बसतो, म्हणून मी दोघांचंही खरं धरून पत्राचा रस्ता पकडला आहे.

तू मागच्या पत्रात विचारलं होतंस की धरणाच्या वसाहतीतल्या क्लबात ‘तळ’ हा सिनेमा दाखवावा का. तू आता त्या क्लबाचा चिटणीस झाला आहेस हे वाचून आनंद झाला (चिटणीस म्हणजे खुर्च्या लावणारा, हे मला माहीत आहे, तरीही झाला). ‘जमेच्या बाजू आणि उणिवा दोन्ही निःपक्षपातीपणे कळवाव्यात’ असं तू लिहिलं आहेस. आता यात पहिली अडचण अशी की मी निःपक्षपाती नाही, कारण मी त्या सिनेमात आहे. दचकू नकोस, मी स्वतः नाही, माझं काम आहे. नायकाच्या तोंडातले दात मी केलेत. शेवटी जी नावांची लांबलचक यादी वर सरकत जाते तिच्यात मला शोधू नकोस. जेवण पुरवणाऱ्याचं नाव तिच्यात आहे, त्याची गाडी चालवणाऱ्याचं आहे, दातवाल्याचं नाही. पण लोक थेटरात ज्याला पाहून किंचाळतात ते माझ्या हातचं आहे, आणि आयुष्यभर कवळ्या करणाऱ्या माणसाच्या वाट्याला किंकाळी सहसा येत नाही. आली तरी ती माप घेताना येते.

आधी गोष्ट सांगतो. नायक एका जुन्या पुलाचा रखवालदार. पुलावरून पडलेल्या एका बाईला वाचवायला तो उडी मारतो, ती वाचते, हा बुडतो. इथवर नेहमीचंच. पण मग तो परत येऊ लागतो. जिथे जिथे साठलेलं, न हलणारं पाणी असेल तिथून त्याला वर येता येतं: बादलीतून, रस्त्यातल्या डबक्यातून, आजाऱ्याच्या उशाशी ठेवलेल्या पेल्यातून. येतो, कोणाला तरी वाचवतो, आणि पुन्हा पाण्यात उतरतो. सुपरहिरो म्हणावा तर पाठीवर टॉवेल बांधल्यासारखा झगा नाही, आकाशात उडणं नाही, छातीवर अक्षर नाही. अंगावर रखवालदाराचाच कोट, आणि तो सदैव ओला. बोलत तर एक अक्षर नाही. फक्त वाचवण्याच्या आधी हसतो. आणि ज्याला त्याने वाचवलं त्याला पुढे कुठल्याही आरशात, काचेत, पाण्यात स्वतःचं तोंड दिसत नाही. म्हणजे जीव मिळतो पण प्रतिबिंब जातं. माझ्यासारख्याला हा सौदा परवडला असता, पण सिनेमातली माणसं फार रडतात.

आता जमेच्या बाजू. पहिली म्हणजे, भीती दाखवायला यात कोणी अंगावर धावून येत नाही. इस्पितळाचा एक प्रसंग आहे. फरशी पुसणारी बाई लांबलचक बोळ पुसून गेली आहे, फरशी ओली चकचकीत, माणूस एक नाही. वरचे दिवे एकेक करून जातात. मग पार टोकाला, फरशीतल्या ओल्या प्रतिबिंबात, एक माणूस उभा दिसतो. उलटा, पाय वर, जसा प्रतिबिंबात दिसायचा तसा. पण फरशीच्या वर, जिथे तो माणूस खरोखर असायला हवा, तिथे कोणीच नाही. त्या वेळी मागे वाजणारं संगीतसुद्धा बंद होतं आणि ऐकू येतं ते फक्त नळाचं थेंब थेंब गळणं. मग थेंबही थांबतो. तो थांबला की काय होतं हे मी लिहीत नाही, क्लबातल्या लोकांची मजा जाईल. एवढंच सांगतो की माझ्या शेजारचा गृहस्थ, जो मध्यंतरापर्यंत ‘सगळं पोरकट आहे’ म्हणत होता, त्याने माझा हात धरला आणि सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. नंतर आम्ही एकमेकांकडे न बघता बाहेर पडलो.

उणिवा विचारशील तर त्याही सुपात घेऊन बसण्याइतक्या आहेत. पहिल्या अर्ध्या भागात इतका अंधार आहे की मी दोनदा चष्मा पुसला आणि एकदा बदलला (तुझ्या ताईचा घातला, त्याने अंधार फक्त जवळ आला). खलनायक आपला बेत इतका वेळ समजावून सांगतो की तेवढ्यात नायकाला आणखी एकदा बुडून यायला हरकत नव्हती. एक पोलीस अधिकारी आणि एक वार्ताहर यांचं प्रेम मध्येच सुरू होतं, कोणी मागितलं नसताना. आणि शेवटची मारामारी कॉम्प्युटरने केलेल्या पाण्यात आहे. ते पाणी पाण्यासारखं अजिबात वाटत नाही, मी सकाळी प्लास्टर कालवतो तसं घट्ट हलतं. सगळ्या सिनेमाभर एका पेल्यातल्या पाण्याने आपली बोबडी वळवली आणि शेवटी समुद्र आणला तर कोणाच्या पापणीला पाणी नाही. थोडक्यात, जिथे पैसा कमी होता तिथे सिनेमा भितो आणि भिववतो, पैसा आला की नुसता ओला होतो.

पण तू विचारशील की दाजी, दातांचं काय? तर तेच सांगायला बसलो आहे.

माझी खोली तू पाहिलेली आहेस. तिन्ही भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर गावातल्या निम्म्या लोकांचे जबडे, प्लास्टरचे, एकावर एक. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थांबतो, कारण सगळे जबडे त्याच्याकडे बघून हसत असतात (जबड्याला दुसरं काही करता येत नाही). सिनेमाच्या मेकअपवाल्या बाई मात्र थेट आत आल्या आणि म्हणाल्या की नायकासाठी दात पाहिजेत, त्याच्या खऱ्या दातांवर चढवता येतील असे पातळ. मी आधी सुळे लांब केलेले दिले, तर त्या म्हणाल्या सर्कस वाटते. मग किडके दिले, तर म्हणाल्या कीव येते. मग एकदम सरळ, पांढरे, नको इतके सारखे असे दिले, तर म्हणाल्या, हा विमा विकायला आला आहे. शेवटी त्या माझ्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, मला असं हसू हवंय की बघणाऱ्याला आधी तो आपलाच माणूस वाटला पाहिजे आणि भीती त्यानंतर वाटली पाहिजे. एवढं बोलून त्या गेल्या. मी विचार करत वर बघितलं, आणि अगदी वरच्या फळीवरून सासरेबुवा माझ्याकडे बघून हसत होते.

म्हणजे त्यांचा जबडा. त्यांची कवळी करायची ठरली तेव्हा, दात काढण्याच्या आधी, मी त्यांच्या मूळच्या दातांचं माप घेऊन ठेवलं होतं. पुढच्या दोन दातांत फट, आणि डावा सुळा शेजारच्या दातावर असा चढलेला, जणू बसमध्ये जागा नाही म्हणून मांडीवर बसला आहे. त्यावरून मी कवळी तशीच करणार होतो. पण सासरेबुवा म्हणाले, एवीतेवी नवेच करायचे आहेत तर सरळ कर, जावई दातवाला असल्याचा काही तरी फायदा होऊ दे. केले सरळ. मोत्यासारखे. ते घालून ते घरी गेले तेव्हा सासूबाईंनी दार उघडलं आणि ‘कोण हवंय आपल्याला?’ असं विचारलं. आम्ही सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. सासूबाई मात्र हसल्या नव्हत्या, हे मला आता आठवतं. शेवटपर्यंत ते त्याच सरळ दातांनी हसले. फोटो काढताना ते जन्मभर ओठ मिटून घ्यायचे, हे तुला माहीत आहेच. म्हणजे त्यांचं ते जुनं हसू या जगात कुठेच उरलं नव्हतं, फक्त माझ्या फळीवर उरलं होतं.

ते मी उचललं. दातास दात, झिजलेल्या कडांसकट, सुळ्याच्या त्या चढेलपणासकट हुबेहूब केलं, फक्त रंग नदीच्या तळातल्या दगडासारखा ठेवला. आमच्या धंद्यात एक पक्का समज आहे की दात कोणी ओळखत नाही. माणसाला गेलेल्याचे डोळे आठवतात, आवाज आठवतो, चालणं आठवतं. दात फक्त आम्हाला आठवतात. त्या समजाच्या भरवशावर मी हे केलं, आणि ही चूक दातवाल्याशिवाय दुसरा कोणी करणार नाही. मेकअपवाल्या बाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, हेच.

नायक दात बसवून घ्यायला आला. राजबिंडा मुलगा, स्वतःचे दात न्हाणीघराच्या टाइल्ससारखे. मी वर आमचे दात चढवले आणि आरसा दिला. आरशात न बघताच त्याने जीभ डाव्या सुळ्यावरून फिरवली, मग मधल्या फटीतून हवा आत ओढली, ‘त्च्’ असा आवाज केला, आणि त्यानंतर बोलायला तोंड उघडलं. तुझे वडील प्रत्येक वाक्याच्या आधी जे करायचे तेच. माझ्या हातातली मेण कापायची सुरी खाली पडली. (नंतर मी स्वतःची समजूत घातली. जिथे फट असते तिथे जीभ जाते, हा नियम आहे. तुझ्या वडिलांना ती सवय त्यांच्या दातांनी लावली होती, याला याच दातांनी लावली. माणूस जातो आणि त्याची सवय दातांच्या आकारात शिल्लक राहते, यात भुताखेताचा काही संबंध नाही. ही समजूत दिवसा चांगली पटते.) मग तो बोलला, तर प्रत्येक ‘स’ला शीळ वाजली. सगळे संवाद शीळ घालू लागले. भुताने शीळ घातली तर लोक हसतील म्हणून दिग्दर्शकाने नायकाचे संवादच काढून टाकले. आता वर्तमानपत्रं लिहितात की ‘मौनाचा धाडसी वापर’ ही सिनेमाची सर्वांत मोठी जमेची बाजू. ती बाजू तुझ्या वडिलांची आहे, ध्यानात ठेव.

काम संपल्यावर दात परत द्यायला तो मुलगा स्वतः आला. द्यायला आला, पण देईना. डबी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, हे कोणाचे आहेत? मी म्हटलं कोणाचे नाहीत, बनवलेत. तो म्हणाला, नाही. हे घातले की मला सारखं वाटायचं, घरी कोणी तरी माझी वाट बघतंय आणि मला उशीर होतोय. माझ्या घरी वाट बघणारं कोणी नाही. एवढं बोलून डबी टेबलावर ठेवून तो गेला. मी ती उघडली नाही, अजूनही उघडलेली नाही. ती मधूनमधून टेबलावर जागा बदलते, पण मी ती तुझ्या ताईच्या आवराआवरीच्या खाती टाकली आहे. ताईला विचारलेलं नाही.

सिनेमा लागल्यावर फुकटचे पास मिळाले म्हणून सगळ्यांना घेऊन गेलो. सासूबाईंना सिनेमाची मुळात नावड, ‘अंधारात बसायला पैसे कशाला, घरी दिवा मालवता येतो’ हे त्यांचं मत. आम्ही ओढून नेलं. तर ते इस्पितळ आलं, तो बोळ आला, थेंब थांबला, आणि तो पडद्यावर पहिल्यांदा हसला. सगळं थेटर किंचाळलं. पुढच्या रांगेतल्या माणसाचा लाह्यांचा पुडा उडून मागे आला. आणि त्या सगळ्या कल्लोळात, माझ्या डाव्या कानाशी, सासूबाई हसल्या. हळूच, बऱ्याच दिवसांनी दार वाजल्यावर माणूस हसतो तशा. मी वळून बघितलं तर पडद्याच्या त्या निळ्या उजेडात त्या दोन्ही हातांनी आपले केस सारखे करत होत्या. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या अंगावर असा काटा आला नव्हता, आणि तो सिनेमामुळे आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या ‘जरा जाऊन येते’ म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही. आता रोज दुपारचा खेळ त्यांचाच. थेटरच्या दारावरचा माणूस त्यांना ओळखतो, त्यानेच मला बाजूला घेऊन सांगितलं की आजी रोज दोन तिकिटं काढतात आणि शेजारची खुर्ची मोकळी ठेवतात. म्हणून परवा मी सोबत गेलो. त्यांच्या शेजारी बसायला गेलो तर म्हणाल्या, ‘तिथं नको, पलीकडे बसा.’ मी पलीकडे बसलो, मध्ये ती रिकामी खुर्ची. थेटरातल्या खुर्च्या तुला माहीत आहेत, माणूस उठला की बसायची फळी आपोआप वर जाते. ही खाली होती. मला वाटलं स्प्रिंग गेली असेल. मध्यंतरात मी हाताने फळी वर केली तर ती खटकन वर गेली आणि वरच राहिली, स्प्रिंग अगदी कडक. दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला, आणि तो इस्पितळाचा बोळ आला तेव्हा मी सहज बाजूला बघितलं. फळी खाली होती. मी उरलेला सिनेमा अगदी समोर बघून पाहिला. म्हणूनच तुला शेवटच्या मारामारीतले इतके बारीक दोष सांगू शकलो.

इथवर ठीक होतं. म्हातारं माणूस, विरंगुळा हवा, चार तास बाहेर जातं, ताईलाही जरा मोकळीक. पण आता घरात पाणी सुरू झालं आहे. तू गोष्ट वाचलीसच, नायकाला वर यायला साठलेलं पाणी लागतं. तर आमच्या घरात सध्या जिथे बघशील तिथे साठलेलं पाणी आहे. खिडकीत पेले, टेबलावर ताटं काठोकाठ, दाराआड परात, बादल्यांची झाकणं गायब. मी परवा मोज्यांसकट परातीत उभा राहिलो. खालच्या मजल्यावरचे शेजारी आपलं छत गळतंय हे सांगायला आले होते, त्यांनाही येताना पायरीवर एक पातेलं लागलं. सासरेबुवांची ती सरळ दातांची कवळी सासूबाईंच्या उशाशी इतके दिवस पेल्यात असायची, ती त्यांनी काढून कागदात गुंडाळून मला दिली. म्हणाल्या, ‘ही तुमची. तिथं अडचण होते.’ पेला मात्र तिथेच आहे, रोज ताजं पाणी भरलेला. तुझी ताई सगळं ओतून टाकते, संध्याकाळपर्यंत पुन्हा भरलेलं असतं. त्यांना पाणी भरताना मी एकदाही पाहिलेलं नाही. ताईनेही नाही. मी हल्ली तोंड वाहत्या नळाखाली धुतो. बादलीत वाकून बघायला नको वाटतं, कारण एकदा बघितलं तेव्हा माझं तोंड मला जरा उशिरा दिसलं.

आणि गेल्या आठवड्यात थेटरचं यंत्र बिघडलं. दुपारचा खेळ रद्द झाला. लोक परत गेले, सासूबाई गेल्या नाहीत. पायरीवर बसून राहिल्या. दारावरच्या माणसाने फोन केला म्हणून मी गेलो, तर मला म्हणाल्या, ‘आज ते आले नाहीत.’ राग नाही, रडणं नाही, गाडी चुकल्यासारखं सांगितलं. घरी येताना वाटेत त्यांनी मला विचारलं की मुलाच्या धरणात पाणी किती असतं हो? आणि मी गाढव, मला तुझ्याकडून कळलेली सगळी माहिती मी अभिमानाने सांगितली, किती खोल, किती पसरलेलं, आणि वाऱ्याविना कसं काचेसारखं असतं ते. त्या नीट ऐकत होत्या. रात्री जेवताना त्यांनी ताईला विचारलं की तिकडे जाणारी गाडी कुठून सुटते. ताईने टेबलाखालून मला जी लाथ मारली ती अजून निळी आहे.

सिनेमा गुरुवारपर्यंत आहे. शुक्रवारपासून तिथे दुसरा लागतोय, लग्नाच्या गोंधळाचा, सगळे हसून लोळतात असा. शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर सासूबाई कुठे जातील याचा विचार आम्ही दोघं एकमेकांशी न बोलता करत असतो.

तर एकूण अभिप्राय असा: सिनेमा आणायला हरकत नाही. अंधार जास्त, बडबड जास्त, समुद्र वाईट, पेला उत्तम, दात अप्रतिम. लहान मुलांना आणू नका आणि खुर्च्या मोजून लावा, एकही जादा नको. कळावे, लोभ आहेच, त्याला झिजू देऊ नये.

तुझा,
दाजी

ता. क. तुझ्या पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात तू विचारलं होतंस की तिथला दातांचा डॉक्टर तारा लावून तुझे दात सरळ करून देतो म्हणतो, तर करावेत का. धंद्याच्या दृष्टीने मी हो म्हणायला हवं. पण नको. हात जोडतो, तारा लावू नकोस. ती फट आणि तो चढलेला सुळा तू कोणाकडून उचललास हे मी सांगायला नको, आणि खरं सांगायचं तर सांगायला हवं होतं, तेव्हाच. वडील गेले तेव्हा धरणाला पूर होता, दरवाजांवरचं काम टाकून तुला निघता आलं नाही, तू उशिरा पोचलास. दारात उभा राहिलास, काय बोलावं ते सुचेना म्हणून कसनुसा हसलास. आईंनी तोंड फिरवलं आणि त्या आत गेल्या. तू दुसऱ्या दिवशी निघून गेलास तो आजवर आला नाहीस. तुला वाटलं, त्या उशिरासाठी रागावल्या. मलाही तसंच वाटलं होतं. दिवसभर लोकांच्या तोंडात बघणारा मी, पण त्या दिवशी तुझ्या तोंडात मी बघितलं नाही. त्यांनी बघितलं. त्यांनी तुझ्याकडून तोंड फिरवलं नव्हतं रे. ते हसू त्यांना तेव्हा सोसलं नाही, आणि आता त्या तेच शोधत रोज अंधारात जाऊन बसतात. सिनेमाबद्दलचं वरचं सगळं पत्र हे लिहिण्याचं धैर्य यावं म्हणून लिहिलं आहे. गुरुवारच्या आत ये. काही आणू नकोस, काही बोलला नाहीस तरी चालेल. दारात उभा राहा आणि हस. आला नाहीस तर त्या शुक्रवारी तुझ्या धरणावर येतील, आणि तुला भेटायला नव्हे.

ता. क. दोन. सिनेमा भीतिदायक आहे पण मला काही वाटलं नाही असा माझा सूर वर कुठे लागला असेल तर तो खोडून वाच.

ता. क. तीन. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सासूबाई आल्या आणि कोणाला लिहिताय म्हणून विचारलं. तुझं नाव सांगितलं, म्हटलं सिनेमा कसा आहे ते कळवतोय, तुमचंही मत सांगा. त्या म्हणाल्या, ‘चांगला आहे म्हणावं. पण एवढ्या मोठ्या सिनेमात तीनदाच हसतात.’ मग खिडकीतला पेला उगाच जरा सरकवला आणि म्हणाल्या, ‘तो अजून हसतो का हो?’ मी म्हटलं, कोण, नायक? त्या म्हणाल्या, ‘नाही. माझा मुलगा.’ मी म्हटलं, विचारून सांगतो.